गिल्डा भीतिदायक का वाटत नाही?

प्रश्न: जुएल गोमेझ यांच्या १९९१ सालच्या ‘द गिल्डा स्टोरीज’ या कादंबरीची कृष्णवर्णीय, समलिंगी नायिका माणसांच्या रक्तावर जगते, तरीही तिच्याविषयी आपुलकी का वाटते?

प्रतिसाद: कारण ती ओरबाडत नाही. १८५० च्या लुइझियानात गुलामगिरीतून पळालेली ही मुलगी पुढे थोडेसेच रक्त घेते आणि त्या बदल्यात समोरच्याच्या मनात शिरून त्याला हवे असलेले स्वप्न किंवा धीर मागे ठेवते. जिच्या माणसांच्या देहांवर मालकांनी हक्क गाजवला, तिनेच देवघेवीचा हा नियम कसोशीने पाळावा, हे मला फार मोलाचे वाटते.

प्रतिसाद: शिवाय तिला वाचायला शिकवणारी लाकोटा या अमेरिकेतल्या मूलनिवासी जमातीची स्त्री, बर्ड, आहेच, २०५० पर्यंत चालणाऱ्या या कथेत जिवाभावाचे गोत जमत जाते.

प्रतिसाद: यानंतर ऑक्टेव्हिया बटलर यांची ‘फ्लेजलिंग’ (२००५) अवश्य वाचावी, तिचीही नायिका कृष्णवर्णीय व रक्तावर जगणारी आहे.