शब्दचर्चा: लेटन्सीला 'विलंब' म्हणावं की 'खोळंबा'?

रानजाई

तंत्रनिकेतनातल्या मुलांसाठी मराठीत एक टिपण लिहिते आहे. एकाच संगणकावर दोन व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने उभे केलेले संगणक) चालतात, त्यांच्यामधलं नेटवर्क संथ का पडतं आणि ते वेगवान कसं करायचं, हा विषय. लिनक्स आणि त्यावर अशी मशीन चालवणारे केव्हीएम व क्यूईएमयू, एवढाच पसारा. मजकूर झालाय, पण लेटन्सी (डेटा पोहोचायला लागणारा वेळ), थ्रूपुट (सेकंदाला किती डेटा जातो) आणि खुद्द व्हर्च्युअल या तीन शब्दांपाशी अडले आहे.

लेटन्सीला विलंब हा शब्द बराच रुळलाय, पण कानाला खटकतो. विलंब म्हणायचं तर आधी ठरलेली वेळ हवी. विलंब शुल्क, गाडी विलंबाने धावते आहे, वगैरे. इथे कुणी कुणाला वेळ दिलेलीच नाही. 'सुप्तता' असंही वाचलंय. सुप्त म्हणजे झोपलेलं. पॅकेट, म्हणजे नेटवर्कवरून जाणारं डेटाचं पुडकं, झोपलेलं नसतं, ते दारात उभं असतं.

आडवाट

दारात उभं असतं हे तुम्हीच लिहिलंत, म्हणजे शब्दही तुम्हीच दिलात: खोळंबा. मला तो मनापासून आवडतो, कारण तो दुखणं नेमकं कुठे आहे ते सांगतो.

दोन्ही मशीन एकाच यजमानावर, म्हणजे खऱ्या संगणकावर, पाहुणी आहेत. मधे तार नाही, स्विच नाही, अंतर नाही. तरी वेळ लागतो. का? पाहुण्या मशीनला ई१००० हे नेटवर्क कार्ड दिलं असेल, तर ते इंटेलच्या खऱ्या कार्डाची हुबेहूब नक्कल असतं. पाहुण्याचा ड्रायव्हर कार्डाच्या रजिस्टरला हात लावायला गेला, की प्रोसेसर त्याला तिथेच थांबवतो आणि ताबा यजमानाकडे जातो. खरं कार्ड असतं तर काय झालं असतं ते क्यूईएमयू करून दाखवतो आणि मग पाहुणा पुढे सरकतो. हा उंबरठा पुन्हा पुन्हा ओलांडावा लागतो. वाट नाहीच, सगळा खोळंबा.

खास पाहुण्या मशीनसाठी बनवलेल्या व्हर्टआयओने हेच मोडून काढलं. २००८च्या जानेवारीत लिनक्स २.६.२४ मध्ये ते आलं. त्यात पाहुण्याला ठाऊक असतं की आपण पाहुणे आहोत, त्यामुळे नकलेचं सोंग लागत नाही. दोघांच्या सामाईक मेमरीत एक गोल रांग असते. पाहुणा तिच्यात पॅकेटं मांडून ठेवतो आणि एकदाच दार वाजवतो. २०१०मध्ये व्हीहोस्ट-नेट आलं आणि पॅकेट उचलण्याचं काम क्यूईएमयूकडून थेट यजमानाच्या कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) गेलं. आणखी एक उंबरठा कमी झाला.

पाटकरी

खोळंबा छान आहे, पण तो पूर्ण लेटन्सी नव्हे. प्रकाश काचतंतूतून सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे हजार किलोमीटरला ५ मिलिसेकंद. त्यात कुणी कुणाला खोळंबून ठेवत नाही, ती निव्वळ वाट आहे. तेव्हा लेटन्सी म्हणजे वाट अधिक खोळंबा. मुलांना हे दोन भाग वेगळे दाखवाच. वाट कमी करता येत नाही, खोळंबा करता येतो.

थ्रूपुटला माझा शब्द: विसर्ग. वडील पाटबंधारे खात्यात पाटकरी होते, त्यामुळे हा शब्द घरातलाच. कालव्याची वहनक्षमता एक असते आणि त्यातून प्रत्यक्ष सोडलेला विसर्ग दुसरा. तो क्युसेकमध्ये मोजतात, म्हणजे सेकंदाला इतके घनफूट. थ्रूपुटही सेकंदाला इतके बिट असाच मोजतात. माप कशाचं आहे हे शब्दातच येतं.

रानजाई

मी 'उतारा' धरून बसले होते, साखर उताऱ्यावरून. पण उतारा म्हणजे टनभर उसातून किती साखर निघाली ते. ते गुणोत्तर झालं, त्यात काळ नाही. तुमचं बरोबर. विसर्ग म्हटल्यावर मुलांना आधी संस्कृतची दोन टिंबं आठवतील का, एवढीच धास्ती आहे.

पाटकरी

पुण्यातली मुलं पावसाळ्यात खडकवासल्याच्या विसर्गाचे आकडे सारखे ऐकतात. आठवणार नाहीत.

आडवाट

विसर्ग आणि खोळंबा शेजारी ठेवले की आणखी एक गोष्ट उलगडते. दोन्ही दर वेळी एकत्र सुधारत नाहीत. सातारा-कोल्हापूरकडचं वडाप आठवा. जीप भरल्याशिवाय हलत नाही. एका फेरीत माणसं जास्त जातात, विसर्ग वाढतो, पण पहिला येऊन बसलेला ताटकळतो. पॅकेटं साठवून एकदाच इंटरप्ट (प्रोसेसरला हाक) द्यायचा तर हेच होतं. मोठ्या फाइली हलवायच्या असतील तर वडाप चालतं. डेटाबेसला छोटे छोटे प्रश्न विचारायचे असतील तर नाही चालत.

एक गठ्ठा मात्र फुकटचा. टीसीपीचा ६४ केबीचा गठ्ठा तारेवर घालायचा तर १४६० बाइटचे सुमारे ४५ तुकडे करावे लागतात. इथे तारच नाही. तुकडे न करता गठ्ठा तसाच पलीकडे देता येतो, कुणालाही न खोळंबवता. त्यासाठी दोन्ही पाहुण्यांमध्ये टीएसओ, म्हणजे तुकडे करण्याचं काम कार्डावर सोपवण्याची सोय, चालू हवं. काहीजण जुन्या सल्ल्यावरून ते बंद करून ठेवतात आणि मग एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार, बाइटमध्ये) १५००चा ९००० करत बसतात. आधी टीएसओ तपासा.

रानजाई

काल हेच करून पाहिलं. ई१००० काढून व्हर्टआयओ लावलं आणि आयपर्फ३ हे थ्रूपुट मोजायचं साधन दोन्हीकडे चालवलं. विसर्ग कितीतरी वाढला. पण माझं लक्ष भलतीकडेच गेलं. ई१००० असताना ईथटूल या कार्डाची माहिती देणाऱ्या साधनाला वेग विचारला, तर तो म्हणतो १००० मेगाबिट. तारच नाही तर १००० कुठून आलं? तो नकलेचा भाग, नुसता लिहिलेला आकडा. त्याने काहीही अडत नाही.

तिथे मला 'आभासी'चा अर्थ लागला. आभास म्हणजे दिसतं पण नसतं. हेत्वाभास, विरोधाभास, आरशातली आभासी प्रतिमा. तो १०००चा आकडा आभासी आहे. पण व्हर्च्युअल मशीन आभासी नाही. ते खरा हिशेब करतं, खरी मेमरी खातं. मग त्याला आभासी का म्हणायचं?

पाटकरी

'मानीव' घ्या. गृहनिर्माण संस्थेत राहणाऱ्या प्रत्येकाला मानीव अभिहस्तांतरण माहीत असतं. बिल्डरने करून दिलं नाही, तरी कायद्याने केलं असं मानायचं, आणि परिणाम पूर्ण खरा. व्हर्च्युअलचा मूळ अर्थही हाच: नावाने नाही, पण गुणाने आहे. मानीव यंत्र.

आडवाट

मानीव अर्थाला चोख आहे. पण 'आभासी' इतका पसरलाय की तो आता निघणं अवघड. मी टिपणात व्हर्च्युअल मशीन असंच ठेवेन आणि मानीव एकदा समजावताना वापरेन. आणि हो, पाहुण्याच्या आत आणखी एक मशीन चालवतात, त्याला पोटभाडेकरूसारखं 'पोटयंत्र' म्हणा. तिथे उंबरठे कितीतरी पटींनी वाढतात, खोळंबाही तसाच वाढतो.

रानजाई

पोटयंत्र घेतलं. टिपणाची सुरुवात आता अशी केली आहे: "एकाच यजमानावरच्या दोन मशीनमध्ये वाट नसते, फक्त खोळंबा असतो. म्हणून आधी विसर्ग मोजा, मग पॅकेट किती वेळा उंबरठा ओलांडतं ते मोजा."

पाटकरी

आयपर्फ३ने विसर्ग कळेल, खोळंबा कळणार नाही. तिथे पॅकेटच्या जाण्यायेण्याचा वेळ मोजणाऱ्या पिंगचंही नाव घाला.