मदत हवी आहे: आईच्या आभा खात्यातले सगळेच रिपोर्ट हॉस्पिटलला दाखवावे लागतात का?

नमस्कार मंडळी,

आईच्या (वय ६८) गुडघ्याचं ऑपरेशन पुण्यात करायचं ठरतंय. हॉस्पिटलने आभा नंबर (सरकारी डिजिटल आरोग्य खात्याचा नंबर) घेतला, म्हणाले जुने रिपोर्ट त्यावरूनच मागवतो, तुम्ही फक्त संमती द्या. घरी आल्यावर आईने साफ नकार दिला.

बाबा गेल्यापासून ती एस्सिटॅलोप्राम ही नैराश्यावरची गोळी घेते. मी आणि बायको सोडून कोणाला माहीत नाही. आणि नेमका त्या हॉस्पिटलात भावकीतला एकजण बिलिंगला आहे. "शुगर बघू देत, बीपी बघू देत, ती गोळी नको. गावभर होईल," हे आईचं म्हणणं. पंचाईत अशी, की गेल्या वर्षी शुगर वाढली म्हणून कराडला ॲडमिट केलं होतं, तिथलं डिस्चार्ज कार्ड आभाला जोडलेलं दिसतंय. त्यात मेटफॉर्मिन, टेल्मिसार्टन आणि लगेच खाली एस्सिटॅलोप्राम १०. एकाच कागदावर.

आमच्या फॅमिली डॉक्टरांची तऱ्हा वेगळी. पुण्याचे सगळे रिपोर्ट त्यांना हवेत, पण स्वतःचे केसपेपर कॉम्प्युटरवर चढवायला तयार नाहीत. "मी माझ्यापुरतं लिहितो. उद्या कोणी स्पेशालिस्ट त्यात चुका काढत बसेल." माणूस देवासारखा आहे, त्यामुळे वाद घालवत नाही.

तर, एकच औषध झाकून बाकीचं दाखवता येतं का? एकदा दिलेली संमती मागे घेता येते का? आणि आईचं आभा एका शिबिरात काढलं होतं, त्याला मोबाइल माझ्या भावाचा आहे. त्याने काही बिघडतं का?

प्रतिसाद १:
हॉस्पिटल सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. विनंती आली की ॲपमध्ये कोण मागतंय, कशासाठी, कुठल्या प्रकारचे रिपोर्ट, कोणत्या तारखांचे आणि किती दिवसांसाठी हे सगळं दिसतं. डोळे झाकून मंजूर करू नका. तारखा कमी करता येतात, एखादं हॉस्पिटल वगळता येतं. पण कागदातली एक ओळ झाकता येत नाही; डिस्चार्ज कार्ड गेलं तर अख्खं जाणार. संमती मागे घेतली की पुढची देवाणघेवाण थांबते, छापून फाइलला लावलेला कागद थोडाच परत येतो!

भावाचा मोबाइल आधी बदला. ओटीपी ज्याच्याकडे, खातं त्याच्या हातात. आभाच्या साइटवर आधार ओटीपीने लॉगिन करून नंबर बदलता येतो. आधारलाही भावाचाच नंबर असेल तर मात्र आधी आधार केंद्र गाठावं लागेल. आणि आभा ऐच्छिक आहे, त्यावाचून उपचार अडत नाहीत. कागदी फाइल घेऊन गेलात तरी चालतं.

प्रतिसाद २:
मी भूलतज्ज्ञ आहे. आभावर काय दाखवायचं ते तुम्ही ठरवा, पण ही गोळी भूल देणाऱ्यापासून लपवू नका. ऑपरेशननंतर दुखण्यासाठी ट्रामाडॉल सर्रास दिलं जातं, आणि एस्सिटॅलोप्रामबरोबर ते धोक्याचं ठरू शकतं. काही वेदनाशामकांबरोबर रक्तस्रावाचा धोकाही वाढतो. लपवायची म्हणून आईंनी गोळी मनानेच बंद केली तर आणखी घोटाळा. भुलेच्या तपासणीला आईंना एकट्यांना आत पाठवा, त्या तोंडी सांगतील. मानसिक आरोग्याच्या उपचारांची गोपनीयता हा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम २३ प्रमाणे रुग्णाचा हक्क आहे, हे बिनधास्त ऐकवा.

फॅमिली डॉक्टरांना फार दोष देऊ नका. चालू औषधांची यादी आणि ॲलर्जी लेटरहेडवर लिहून मागा, आम्हाला तेवढंच लागतं. आभावरून चाळीस पानं आली तरी ओपीडीत वाचतो कोण? निम्मे तर आडवे काढलेले फोटो असतात.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. आई तोंडी सांगायला तयार झाली, "डॉक्टरीणबाई असतील तर" या अटीवर. कराडचं हॉस्पिटल संमतीतून वगळतो. पण भूलतज्ज्ञांनी ती गोळी फाइलवर लिहिली की बिलिंगच्या खिडकीतल्या माणसाला ती दिसते का?

प्रतिसाद १:
हॉस्पिटलच्या आत कोणाला काय दिसावं हे आभा ठरवत नाही, त्यांचं सॉफ्टवेअर ठरवतं. बऱ्याच ठिकाणी बिलिंगला नोंदी उघडत नाहीत, पण ॲडमिट असताना वॉर्डातून आलेल्या औषधांची नावं बिलावर येतातच. ती गोळी घरूनच आणली तर चालेल का, हे भुलेच्या तपासणीलाच विचारून घ्या. आणि नोंदी कोणाकोणाला उघडतात ते मेडिकल रेकॉर्ड विभागात विचारा, रिसेप्शनवर नको.