रेफ्री म्हणून मन स्थिर कसं ठेवायचं? सल्ला हवा

भरधाव: फुटबॉलचे सामने नुकतेच घ्यायला लागलोय. नियम पाठ आहेत, पण खेळाडू अंगावर धावून आले की दिलेल्या निर्णयाबद्दलच शंका वाटू लागते. एखादा निर्णय चुकला की पुढे बराच वेळ तोच डोक्यात घोळतो. कोणत्या सवयी लावून घ्याव्यात?

मधली_रेघ: शंकेचं मूळ बहुतेक वेळा पायांत असतं. दुरून किंवा थेट पाठीमागून पाहिलं तर बूट आधी चेंडूला लागला की घोट्याला, हे दिसतच नाही. साधारण 10-15 मीटरवर, दोन्ही खेळाडूंमधली फट दिसेल अशा बाजूच्या कोनात उभे राहा. स्वतः नीट पाहिलेलं असलं की आवाज कितीही चढू दे, मन डळमळत नाही.

शिट्टी तोंडात धरून पळू नका, हातात ठेवा. ती ओठांपर्यंत नेताना जो क्षण मिळतो, त्यात अ‍ॅडव्हान्टेज (फाउल झालेल्या संघाला खेळ चालू ठेवण्यातच फायदा) मिळतोय का हे कळतं. तो मिळाला नाही, तर काही सेकंदांत मागचा फाउल देता येतो. उगाच वाजलेली शिट्टी मात्र परत घेता येत नाही. फाउल नव्हताच असं लक्षात आलं तर ड्रॉप बॉल द्यावा लागतो (पंच चेंडू जमिनीवर टाकून खेळ पुन्हा सुरू करतो), आणि रंगात आलेली चाल मोडते ती मोडतेच.

कोपरा_झेंडा: घोळक्याबद्दल सांगतो. घोळका जमायच्या आत दोन-तीन पावलं बाजूला सरका, हाताने थांबायची खूण करा आणि फक्त कर्णधाराशी बोला. एकच वाक्य, तेही पाहिलेल्या गोष्टीचं: 'पाय उशिरा आला, घोट्याला लागला.' वाद वाढवणारं 'मी सांगतो तेच' नको, आणि खेळाडूच्या अंगाला हात तर कधीच नको. कार्डची धमकी देऊन कार्ड दिलं नाही, तर पुढचा इशारा कोणी मनावर घेत नाही.

कार्ड देताना आधी त्या खेळाडूला वेगळा काढा, संघ आणि नंबर दोन्ही लिहा, मग कार्ड दाखवा. वातावरण फारच तापलं असेल तर आधी दाखवा, पण लिहिल्याशिवाय खेळ सुरू करू नका. 2006 च्या विश्वचषकात ग्रॅहम पोल यांच्यासारख्या अनुभवी पंचांकडून नोंदीतल्या गोंधळामुळे क्रोएशियाच्या शिमुनिचला दुसऱ्या पिवळ्या कार्डावर बाहेर काढायचं राहिलं. तो बाहेर गेला तिसऱ्यावर!

भरधाव: आणि चूक झालीच तर?

मधली_रेघ: खेळ पुन्हा सुरू झालेला नसेल तर लाइन्समनकडे बघा, त्याला विचारा आणि बेधडक निर्णय बदला. त्यात कसलाही कमीपणा नाही. एकदा खेळ सुरू झाला की तो निर्णय बदलता येत नाही. भरपाई म्हणून दुसऱ्या संघाला फ्रीकिक देणं हा सगळ्यात मोठा अन्याय. खेळाडू ते लगेच ओळखतात, मग खऱ्या निर्णयांवरचाही त्यांचा विश्वास उडतो. डोक्यातला विचार तोडायला पुढचा थ्रो-इन कोणाचा, लाइन्समन कुठे आहे, घड्याळात किती झालं, हे मनात म्हणा. झालेल्या चुकीवर चर्चा सामन्यानंतर, सहकाऱ्यांसोबत, दार लावून.