टीआयएफ-१ गॅमा पॉझिटिव्ह : लहान मुलांमध्ये या अहवालाचा अर्थ काय?

प्रश्न (एका मुलीची आई)
माझ्या ७ वर्षांच्या मुलीच्या पापण्यांवर जांभळट लाली आणि बोटांच्या सांध्यांवर खवलेदार चट्टे आले, पुढे जिना चढताना ती कठडा धरून स्वतःला ओढू लागली, आणि तपासण्यांअंती ज्युव्हेनाइल डर्मॅटोमायोसायटिसचे (मुलांमधील त्वचा आणि स्नायूंच्या दाहाचा आजार) निदान झाले. मायोसायटिस पॅनेलमध्ये (या आजारांतील प्रतिपिंडांची रक्ततपासणी) टीआयएफ-१ गॅमा हे प्रतिपिंड, म्हणजे शरीराच्याच घटकांवर उलटणारे अँटीबॉडी, पॉझिटिव्ह आहे. त्याचा कर्करोगाशी संबंध असतो, असे वाचल्यापासून माझी झोप उडाली आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (बालसंधिवाततज्ज्ञ)
ताई, आपण वाचलेली माहिती प्रौढ रुग्णांची आहे. प्रौढांमध्ये हे प्रतिपिंड सापडल्यास आम्ही कर्करोगाचा शोध घेतोच. मुलांमध्ये मात्र तसा संबंध आढळलेला नाही, त्यामुळे केवळ या अहवालावरून मुलीचे स्कॅन करण्याचे कारण नाही. मुलांच्या या आजारात सर्वाधिक आढळणाऱ्या प्रतिपिंडांपैकीच हे एक आहे. ते असलेल्या मुलांमध्ये चट्टे अधिक पसरतात, उन्हाने वाढतात, कधी व्रण होतात आणि काहींच्या त्वचेखालची चरबी झिजते. स्नायूंची ताकद परतल्यावरही त्वचा बराच काळ धुमसत राहू शकते, म्हणून चट्टे किरकोळ समजून औषध स्वतःहून कमी करू नये. उपचारांबाबत सांगायचे तर, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत नुसत्या प्रेडनिसोनपेक्षा (स्टेरॉइड) त्याला मेथोट्रेक्सेट या प्रतिकारशक्ती आवरणाऱ्या औषधाची जोड दिलेली मुले अधिक सुधारली.

उत्तर २ (एका मुलाचे वडील)
आमच्या मुलाचे प्रतिपिंड एनएक्सपी-२ होते. त्यात त्वचेखाली कॅल्शियम साचण्याचा धोका अधिक, हे डॉक्टरांनी आधीच सांगितले असल्यामुळे कोपरावरची पहिली कडक गाठ आम्ही लगेच दाखवली. प्रतिपिंडाचे नाव कळल्याने भीती वाढली खरी, पण नेमके कुठे लक्ष ठेवायचे तेही कळले. मुलीला पूर्ण बाह्यांचे कपडे, टोपी आणि सनस्क्रीन यांची सवय आत्ताच लावा; ढगाळ दिवशीही.

उत्तर ३ (प्रयोगशाळेतील डॉक्टर)
अहवालात पट्टी ठळक आहे की फिकट, हे अवश्य पाहावे. लाइन ब्लॉट पद्धतीत (यात प्रतिपिंड असल्यास चाचणीपट्टीवर रेघ उमटते) फिकट पट्टी कधीकधी खोटीही ठरते. आपल्या मुलीची लक्षणे मात्र या आजाराशी पूर्ण जुळतात, आणि पॅनेल निगेटिव्ह आले असते तरी निदान बदलले नसते, कारण या आजाराच्या बऱ्याच मुलांमध्ये यांपैकी एकही प्रतिपिंड सापडत नाही. एमडीए-५ या आणखी एका प्रतिपिंडाची नोंदही तपासा. ते पॉझिटिव्ह असल्यास स्नायू फारसे दुबळे नसतानाही फुप्फुसांची तपासणी करावी लागते.