शब्दचर्चा : ‘लिव्ह्ड एक्स्पीरियन्स’, ‘वेलनेस’ आणि अंगावर काढलेली दुखणी

मूळ प्रश्न : सातारा

नमस्कार. बायकांच्या आरोग्यावर निघणाऱ्या एका छोट्या अंकासाठी मी अमेरिकेतल्या काळ्या स्त्रियांच्या आरोग्य चळवळीवर लेख लिहिते आहे. मजकूर जवळजवळ तयार आहे, पण तीन-चार शब्दांपाशी गाडं अडलंय, आणि लेखाचा जीव नेमका त्याच शब्दांत आहे.

थोडी पार्श्वभूमी सांगते. या चळवळीतल्या अग्रणी बिली एव्हरी. त्यांचे पती १९७० साली हृदयविकाराच्या झटक्याने गेले, अवघ्या ३३व्या वर्षी. पुढे एव्हरींनी फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलमध्ये मैत्रिणींबरोबर १९७४ साली स्त्रियांचं आरोग्य केंद्र काढलं आणि १९७८ साली बाळंतपणाचं केंद्र. जून १९८३ मध्ये त्यांनी अटलांटाच्या स्पेलमन कॉलेजात काळ्या स्त्रियांच्या आरोग्यावर पहिली राष्ट्रीय परिषद भरवली. सुमारे दोन हजार बायका आल्या. त्यातून ‘नॅशनल ब्लॅक विमेन्स हेल्थ प्रोजेक्ट’ उभा राहिला आणि ठिकठिकाणी ‘सेल्फ-हेल्प ग्रुप’ सुरू झाले. तिथे कुणी भाषण देत नसे. बायका गोल करून बसत आणि आपापलं सांगत. रक्तदाब, साखर, गर्भाशयातल्या गाठी हे तर निघेच, पण बोलणं जरा आत शिरलं की घरातली मारहाण आणि लहानपणी झालेले अत्याचार बाहेर येत. आपल्या बायकांचा आरोग्याचा पहिला प्रश्न हिंसा हा आहे, असं एव्हरींनी पुढे लिहिलं, ते या बैठकांत ऐकून.

आता अडचण. ‘सेल्फ-हेल्प ग्रुप’ला आपल्याकडे ‘स्वयंसहाय्यता गट’ हा तयार शब्द आहे. तो लिहून मी गावातल्या आशा सेविकेला परिच्छेद वाचून दाखवला. तिने पहिला प्रश्न विचारला, “हप्ता किती होता?” तिचं बरोबर आहे. तो शब्द बचत गटाने कधीच व्यापलाय.

‘लिव्ह्ड एक्स्पीरियन्स’चं ‘जगलेला अनुभव’ केलं, तर घासात खडा लागल्यासारखं होतं. ‘भोगलेलं’ लिहिलं, तर मागोमाग ‘भोग’ येतात, आणि “माझे भोग” म्हणणारी बाई कपाळाला हात लावते. नागरी हक्क चळवळीतल्या कार्यकर्त्या फॅनी लू हेमर १९६१ साली मिसिसिपीत गर्भाशयातली छोटी गाठ काढायला गेल्या आणि डॉक्टरने त्यांना न विचारता पिशवीच काढून टाकली. याला भोग म्हणायचं? मग करणारा सुटलाच की.

शिवाय ‘वेलनेस’ आहेच, म्हणजे नुसता आजार नसणं नव्हे, तर एकूणच बरं असणं. आणि हेमरबाईंचं ते गाजलेलं वाक्य, ‘सिक अँड टायर्ड ऑफ बीइंग सिक अँड टायर्ड’. ते त्या डिसेंबर १९६४ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये बोलल्या. मिसिसिपीतल्या रूलव्हिलला त्यांच्या थडग्यावरही तेच कोरलंय. स्पेलमनच्या परिषदेने बोधवाक्य म्हणून तेच घेतलं होतं. इंग्रजीत ‘सिक अँड टायर्ड’ म्हणजे आजारी आणि थकलेली, आणि वैतागलेलीही. त्याचं मराठी काही केल्या होत नाही.

प्रतिसाद : लातूर

‘आजारपणाचा आणि थकव्याचा वीट आला’ असं करता येईल. विटणं हे क्रियापद चांगलं आहे, कापडही विटतं आणि माणूसही.

प्रतिसाद : सातारा (मूळ प्रश्नकर्ती)

अर्थ पोचतो, पण मुळात तेच दोन शब्द फिरून येतात, त्यातली दमछाक गेली. हेमरबाई वीस भावंडांत धाकट्या. आईवडील दुसऱ्याच्या रानात बटईने कापूस करायचे आणि या सहाव्या वर्षापासून कापूस वेचायला जात. त्यांच्या वाक्यात शब्द परत परत येतो, कारण दिवसही तसाच परत परत आलेला होता.

प्रतिसाद : यवतमाळ

‘बेजार’ घ्या ना! आमच्याकडे ‘आजारी-बेजारी’ जोडीनेच म्हणतात. “तापानं बेजार झाली” म्हणजे दुखण्याने गळून गेली आणि “या पोरानं बेजार केलं” म्हणजे नको नको झालं. फारसीत बेजार म्हणजे वैतागलेला, कंटाळलेला. आपण त्यात दुखणंही भरलं. तुम्हाला हवेत ते दोन्ही अर्थ एकाच शब्दात आहेत.

‘बेजार होऊन होऊन आता बेजार झालेय मी.’

माझी आई वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी ओट्यावर बसून बोटांची टोकं पाहायची. बोंडाच्या वाळलेल्या पाकळ्या टोचून नखांच्या कडा फाटलेल्या असत. तेव्हा ती “बेजार झाले” एवढंच म्हणायची. दुखतंय म्हणून की कंटाळली म्हणून, हे आम्ही कधी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती.

प्रतिसाद : सातारा (मूळ प्रश्नकर्ती)

हे घेतलं. यापुढे दुसरा पर्याय शोधणार नाही.

प्रतिसाद : पुणे

एक वेगळा मुद्दा. तुम्ही ‘काळ्या स्त्रिया’ लिहिता. ‘कृष्णवर्णीय’ अधिक सभ्य नाही का? वर्तमानपत्रं तेच लिहितात.

प्रतिसाद : मुंबई (मुद्रितशोधन करते)

मी वीस वर्षं ‘काळ्या’चं ‘कृष्णवर्णीय’ करत आले आणि आता थांबले आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या सज्जनांना अर्पण केली, त्या इंग्रजी अर्पणपत्रिकेत ‘निग्रो’ हा शब्द आहे. त्या काळाचा तो रिवाज होता. साठीच्या दशकात तिथल्या लोकांनी स्वतःहून ‘ब्लॅक’ निवडला, शिवी म्हणून फेकलेला शब्द उचलून अंगावर घेतला. जून २०२० मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने त्यातला ‘बी’ मोठ्या लिपीत लिहायचं ठरवलं. देवनागरीत मोठी-धाकटी अक्षरं नाहीत, तेव्हा आपल्याकडे मान द्यायचा तो शब्दाच्या निवडीतूनच. ‘कृष्णवर्णीय’मध्ये मला आपलाच संकोच दिसतो. स्थळ सांगून येतं तेव्हा आपण ‘गव्हाळ’, ‘निमगोरी’, ‘सावळी’ असे शब्द शोधत बसतो, कारण ‘काळी’ म्हणणं आपल्याला टोचतं. ते टोचणं आपलं आहे, त्या बायकांचं नाही. आणि खेड्यातल्या मराठीत ‘काळी’ म्हणजे पिकाची जमीन, ‘पांढरी’ म्हणजे वस्तीची जागा. शेतकरी काळीला आई म्हणतो. या शब्दात आपल्याकडेही एवढा मान आहे, मग तो दडवायचा कशाला?

प्रतिसाद : अटलांटा

मी मूळची कोल्हापूरची. इथे बाळंतिणींच्या वॉर्डात परिचारिका आहे. शब्दांबद्दलच सांगते.

एका काळ्या बाईची बाळंतपणानंतरची दुसरी रात्र होती. डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, असं ती दोनदा म्हणाली. आधीच्या पाळीच्या नोंदीत लिहिलेलं होतं, ‘डोकं दुखत असल्याचा दावा करते.’ दावा! मी रक्तदाब घेतला तो भयंकर चढलेला. पुढे सगळं वेळेत झालं आणि ती बाळाला घेऊन घरी गेली. पण तो ‘दावा’ माझ्या डोक्यातून जात नाही. २०२१ साली इथल्या संशोधकांनी हजारो वैद्यकीय नोंदींची भाषा तपासली. काळ्या रुग्णांच्या नोंदींत त्यांचं म्हणणं अवतरणचिन्हांत टाकणं, ‘दावा करते’, ‘हट्टाने सांगते’ अशी शंकेखोर क्रियापदं वापरणं अधिक आढळलं. २०२३ साली अमेरिकेत दर लाख जिवंत जन्मांमागे काळ्या मातांचे ५०.३ मृत्यू झाले, गोऱ्या मातांचे १४.५. या तफावतीची कारणं अनेक आहेत, पण बाईचं सांगणं खरं न धरणं हे त्यातलं एक आहे, हे मी रोज पाहते. आपल्या दवाखान्यांतही ‘पोटदुखीची तक्रार’ असंच लिहितात, नाही का? दुखणं सांगणारी बाई तिथे तक्रारदार होते.

म्हणून तुमच्या ‘लिव्ह्ड एक्स्पीरियन्स’साठी मला एक शब्दप्रयोग सुचवावासा वाटतो. माझी आजी म्हणायची, “दुखणं अंगावर काढलं.” डॉक्टरकडे जाता आलं नाही, सांगायला कुणी नव्हतं, सांगितलं तरी कुणी ऐकलं नसतं, काम तर थांबणार नव्हतं. हे सगळं त्या दोन शब्दांत येतं. इंग्रजीत इतका नेमका शब्द मला सापडलेला नाही. माझ्या सोबतच्या एका काळ्या परिचारिकेला मी जेवणाच्या सुट्टीत याचा अर्थ समजावून सांगितला. ती चमचा खाली ठेवून म्हणाली, माझ्या आईने सगळा जन्म हेच केलं, पण आमच्याकडे याला नावच नव्हतं. मग तिने तो शब्द माझ्याकडून तीनदा म्हणून घेतला. ‘काढलं’मधला ‘ढ’ तिला जमेना, तरी सोडला नाही तिने.

प्रतिसाद : लातूर

पण ‘अंगावर काढलेलं’ म्हणजे न सांगितलेलं. ‘लिव्ह्ड एक्स्पीरियन्स’ तर सांगितला जातो.

प्रतिसाद : जालना

त्या सांगण्याला आमच्या चर्चमध्ये शब्द आहे, ‘साक्ष’. उपासनेत एखादी बाई उभी राहते आणि आपल्या आयुष्यात काय घडलं ते सांगते, त्याला ‘साक्ष देणं’ म्हणतात. कोर्टातली नव्हे, मंडळीपुढची. अमेरिकेतल्या काळ्या चर्चमध्येही हीच रीत आहे, हेमरबाई त्यातच वाढल्या. ऑगस्ट १९६४ मध्ये अटलांटिक सिटीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या समितीपुढे त्यांनी तुरुंगात झालेली मारहाण सांगितली. तीही कागदोपत्री साक्ष होती, पण ऐकताना चर्चमधलीच वाटते. साक्ष दिली की ऐकणारी मंडळी “आमेन” म्हणते, म्हणजे तू सांगतेस ते खरं, आम्ही ऐकलं. अटलांटाच्या ताईंनी सांगितलेल्या ‘दाव्या’च्या बरोबर उलट.

प्रतिसाद : सातारा (मूळ प्रश्नकर्ती)

म्हणजे आधी अंगावर काढलेलं, मग साक्ष. एका इंग्रजी शब्दासाठी मराठीत दोन लागतात. हरकत नाही, त्या दोहोंच्या मध्ये जे घडतं तोच माझा लेख आहे.

आता त्या गटाचं काय? ‘भगिनी मंडळ’ म्हटलं की हळदीकुंकू आणि पाककृती स्पर्धा डोळ्यांपुढे येते.

प्रतिसाद : नाशिक (भूगोल शिकवतो)

गटाबद्दल नाही, पण याच विषयातला एक शब्द घेऊन आलोय. अमेरिकेतल्या सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासक आर्लिन जेरोनिमस यांनी १९९२ साली ‘वेदरिंग’ ही कल्पना मांडली. सततच्या भेदभावाने आणि ताणाने काळ्या स्त्रियांचं शरीर वयाआधी म्हातारं होतं, असं त्यांचं म्हणणं. आमच्या पुस्तकात खडकाच्या वेदरिंगला ‘विदारण’ म्हणतात. बाईला ते लावता येत नाही. ‘झीज’ म्हणावं, तर मराठीत झिजणं हा बाईचा गौरव होऊन बसलाय, चंदनासारखी झिजली म्हणून सत्कार होतात. तो अर्थ इथे घातक आहे. मला ‘पावसाळे’ सुचतात. “तुझ्यापेक्षा चार पावसाळे जास्त पाहिलेत” असं आपण म्हणतोच. त्यात ऊनपाऊस सोसणंही आहे आणि त्यातून आलेली जाणही. ‘तिशीतच साठ पावसाळे पाहिलेलं शरीर’ असं लिहून पाहा.

प्रतिसाद : गोवा

गटासाठी ‘हितगूज’. हित म्हणजे भलं, गूज म्हणजे मनातलं. ‘वेलनेस’ आणि ‘शेअरिंग’ दोन्ही त्यात आहेत, आणि शब्द चारचौघींच्या तोंडात आहे. ‘हितगुजाचा गट’ म्हटलं की हप्ता कुणी विचारणार नाही.

प्रतिसाद : पुणे

सुंदर. ‘वेलनेस’साठी मी ‘निरामयता’ म्हणणार होते, पण आता ते औषधाच्या बाटलीवरचं वाटायला लागलं. ‘स्वास्थ्य’ कसं? स्वस्थ म्हणजे स्वतःच्या ठायी असलेला.

प्रतिसाद : मुंबई (मुद्रितशोधन करते)

व्युत्पत्तीने छान, पण व्यवहारात “स्वस्थ बस” म्हणजे गप्प बस. गप्प बसण्याविरुद्धच तर ही सगळी चळवळ. मी ‘खुशाली’ म्हणेन. जुन्या पत्रांत असायचं ना, ‘तुमची खुशाली कळवावी’. आरोग्य एकटीचं असू शकतं. खुशालीला मात्र विचारणारं कुणीतरी लागतं आणि खरं उत्तर द्यावं असं माणूस लागतं.

प्रतिसाद : सातारा (मूळ प्रश्नकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. परिच्छेद असा झालाय :

‘अटलांटात जमलेल्या त्या दोन हजार बायकांनी वर्षानुवर्षं दुखणी अंगावर काढली होती. परत गेल्यावर त्यांनी गावोगाव हितगुजाचे गट उभे केले. तिथे औषध नव्हतं, हप्ता नव्हता. एकीने साक्ष द्यायची आणि बाकीच्यांनी ती खरी मानायची. एकमेकींची खुशाली त्या अशी विचारू लागल्या, की “बरी आहे” एवढ्या उत्तरावर कुणी सुटत नसे. फॅनी लू हेमर म्हणाल्या होत्या, बेजार होऊन होऊन आता बेजार झालेय मी.’

काल हा आशा सेविकेला वाचून दाखवला. तिची सासू दारात शेंगा फोडत बसली होती. शेवटच्या वाक्याला तिने हात थांबवला आणि विचारलं, “ही कुठल्या गावची म्हणालीस?” मी मिसिसिपी म्हटलं. ती म्हणाली, “असू दे. पण ‘झालेय मी’ नको लिहू. ‘बेजार होऊन होऊन बेजार झाले बया’ असं लिही.”

तसंच लिहिलंय.