जमिनीखालच्या गुहा : तुमचे अनुभव

चांदणवेल

लेण्यांवर आपण भरभरून लिहितो आणि लिहायलाच हवं. हा धागा मात्र छिन्नी न लागलेल्या, पाण्यानेच पोखरलेल्या गुहांसाठी काढला आहे. सह्याद्रीचा बेसाल्ट चुनखडीसारखा विरघळत नाही, म्हणून अशा मोठ्या गुहा बघायच्या तर चुनखडीच्या मुलखात जावं लागतं. जे कुणी आत उतरून आलेत त्यांनी लिहा. 'छान आहे, जरूर बघा' एवढ्यावर थांबू नका. आत हवा कशी होती, पायाखाली काय होतं, धडकी भरली का, कुठे रेंगाळावं, हे सगळं सांगा. सुरुवात मीच करते.

बेलम, आंध्र प्रदेश. आजूबाजूला नजर जाईल तिथवर सपाट रान. डोंगराच्या कुशीत गुहेचं तोंड असेल असं धरून गेलात तर ते सापडणार नाही, कारण ते जमिनीत आहे, विहिरीसारखं. जिन्याने खाली उतरलं की आडव्या वाटा सुरू होतात. मोजलेली लांबी सव्वातीन किलोमीटरच्या आसपास, त्यातली साधारण दीड किलोमीटर लोकांसाठी खुली आहे. ब्रिटिश भूशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८८४ साली या गुहांची नोंद केली. पुढे जवळपास शंभर वर्षं तिकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही. १९८२ ते १९८४ च्या दरम्यान जर्मन गुहासंशोधक डॅनियल गेबाउअर यांच्या पथकाने आतला नकाशा तयार केला, आणि २००२ मध्ये गुहा पर्यटकांसाठी उघडली.

लोक इथे झुंबरांसारखे स्तंभ शोधत फिरतात आणि भिंतींकडे बघतच नाहीत, याची मला फार हळहळ वाटते. बेलमची खरी श्रीमंती भिंतींत आहे. काळपट चुनखडी पाण्याने अशी घासून ठेवली आहे की नुसत्या उजेडाच्या तिरिपीत तिचे वळसे दिसतात. कुठे पाणी जोरात वळलं असेल, कुठे संथ झालं असेल, हे पाणी नसतानाही कळतं. शेवटी पाताळगंगा. जमिनीपासून सुमारे ४६ मीटर खाली एक बारीकसा झरा, क्षणभर दिसतो आणि खडकात नाहीसा होतो. तिथे हवा दमट आणि जड. घामाने कपडे अंगाला चिकटतात. बाहेरून हवा सोडण्याची सोय केलेली आहे, त्या झोताखाली सगळेच थांबतात.

आडवाट

उकाड्याचं लिहिलंत ते फार बरं झालं. गुहा म्हटली की गारवा, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. आत खोलवरचं तापमान त्या प्रदेशाच्या वर्षभराच्या सरासरीच्या जवळपास राहतं. त्यामुळे बेलम उबदार आणि स्लोव्हेनियातली पोस्तोयना ऐन उन्हाळ्यातही दहा अंशांच्या आसपास. आम्ही गेलो तेव्हा बाहेर लोक अर्ध्या बाह्यांत होते आणि आत शिरताना सगळे जाकिटं चढवत होते.

पोस्तोयनात १८७२ पासून रूळ आहेत. छोट्या उघड्या गाडीतून आत नेतात, मग चालायचं. स्तंभांनी भरलेली दालनं अफाटच आहेत, पण माझं मन अडकलं ते प्रोटियसमध्ये. हा तिथल्या भूगर्भातल्या पाण्यात राहणारा उभयचर. फिकट गुलाबी अंग, त्वचेखाली लपलेले निकामी डोळे, डोक्याच्या दोन्ही बाजूंना लालसर कल्ले. वर्षानुवर्षं अन्नाशिवाय तग धरतो. टाकीजवळ उजेड अगदी मंद ठेवला होता आणि फोटोला बंदी होती. ते मला पटलं. त्याने कधी उजेड मागितलाच नव्हता.

झुळूक

बंद जागेची भीती असणाऱ्यांसाठी लिहिते आहे, कारण मला ती आहे. मेघालयातल्या मॉसमाई गुहेपासून सुरुवात करा. दिवे आहेत, अंतर थोडं आहे, एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडता येतं. मध्ये एके ठिकाणी अंग तिरकं करून जावं लागतं. तिथे समोरचा माणूस पूर्ण बाहेर पडेपर्यंत थांबायचं, मग आपण निघायचं. गर्दी मागून रेटते तेव्हाच छाती दडपते, खडकामुळे नाही. शक्य असेल तर सकाळी लवकर जा.

रानपाखरू

कुटुमसर, बस्तर, कांगेर खोऱ्याचं राष्ट्रीय उद्यान. काकांबरोबर गेलो होतो. तोंड इतकं अरुंद की आत एवढं मोठं काही असेल यावर विश्वास बसत नाही. वाटाड्याशिवाय सोडत नाहीत आणि सोडूही नये. खाली चिखल, ओले दगड, आणि दिव्याच्या वर्तुळापलीकडे काहीच नाही.

एका डबक्याशी वाटाड्या उकिडवा बसला आणि त्याने बॅटरी पाण्यावर तिरकी धरली. बराच वेळ काही दिसेना. मग तळाशी बोटाच्या पेराएवढं काहीतरी फिकट हललं. इथले आंधळे मासे. उजेड थेट अंगावर पडला तरी बिचकला नाही. पाण्यात दगडाचा कण घरंगळला तेव्हा मात्र क्षणात दिसेनासा झाला. काका निवृत्त वनरक्षक, आयुष्यभर जंगलात वावरलेले, पण तेही 'अजून एकदा दाखव रे' म्हणत राहिले.

पावसाळ्यात ही गुहा बंद असते, आत पाणी भरतं. हे आधी बघून मगच बेत करा.

भूगोलमास्तर

स्तंभांचा विषय निघालाच आहे तर थोडं. पाणी सुकून चुना मागे उरतो असं बरेच जण सांगतात. बहुतेक गुहांत मुख्य कारण वेगळं असतं. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड उचलतं, सौम्य आम्ल बनतं आणि चुनखडी विरघळवत खाली येतं. गुहेच्या हवेत हा वायू कमी असतो. थेंब छताला लटकला की वायू निसटतो, मग पाण्याला तेवढा चुना पेलवत नाही आणि तो थेंबाच्या काठावर कडं धरून बसतो. म्हणून कोवळा अधोमुखी, म्हणजे छतावरून खाली लोंबणारा, लवणस्तंभ आतून पोकळ असतो. पुढच्या वेळी एखाद्या बारीक नळीच्या टोकाला लटकलेला थेंब नीट बघा, तो त्या पोकळीतूनच आलेला असतो. वाढ बहुधा वर्षाला मिलिमीटरच्या काही अंशांइतकीच.

आणि या थरांत पावसाचा इतिहास असतो. मेघालयातल्या मॉम्लूह गुहेतल्या ऊर्ध्वमुखी, म्हणजे जमिनीवरून वर वाढणाऱ्या, स्तंभात सुमारे ४२०० वर्षांपूर्वी मान्सून दुबळा झाल्याची खूण सापडली. तेव्हापासून आजपर्यंतच्या कालखंडाला २०१८ मध्ये भूशास्त्रज्ञांनी 'मेघालयन' हे नाव दिलं.

कातळफूल

मास्तर, हे वाचल्यावर तरी लोकांनी स्तंभांना हात लावणं थांबवावं. बोटांचं तेल बसलं की तिथे नवा थर नीट धरत नाही, डाग पडतो तो वेगळाच. ओळीने काळवंडलेली टोकं बघितली आहेत मी, सगळी माणसाच्या हाताच्या उंचीवर. दिव्यांजवळच्या भिंतींवर हिरवटपणा दिसतो तोही आपण नेलेल्या उजेडावर वाढलेलं शेवाळ. फ्रान्समधली लास्को गुहा १९४० मध्ये सापडली आणि १९६३ मध्ये लोकांसाठी बंद करावी लागली, कारण बघायला येणाऱ्यांचा श्वास आणि उजेड तिथल्या प्राचीन चित्रांना सोसेना. वटवाघळांवर फ्लॅश मारू नका, हेही कळकळीने सांगते.

आडवाट

पावसाचा मुद्दा पुन्हा. थायलंडच्या थाम लुआंगमध्ये २०१८ साली १२ मुलं आणि त्यांचे प्रशिक्षक अडकले, ते पाणी चढल्यामुळेच. सगळे वाचले, पण बचावकार्यात एका माजी नौसैनिक पाणबुड्याचा जीव गेला. आपल्या डोक्यावर आभाळ कोरडं असलं तरी पाऊस दूरच्या डोंगरात पडत असतो. वाटाडे 'आज नको' म्हणाले तर हुज्जत घालू नका.

वाटसरू

सासूबाईंना गुहा बघायची फार इच्छा आहे, पण गुडघे दुखतात. कुठे जमेल?

चांदणवेल

वाटसरू, बोरा गुहा बघा, विशाखापट्टणमकडच्या अनंतगिरी डोंगरात. तोंड प्रशस्त आहे, छत उंच आहे, वाकावं लागत नाही. पायऱ्या मात्र पुष्कळ आणि ओल्या असतात. त्यांना पहिल्या मोठ्या दालनापर्यंतच न्या. बाहेरचा उजेड तिथवर येतो, निवांत बसून बघता येतं. किरंदुल मार्गावरची गाडी बोरा गुहालू स्थानकावर थांबते, आणि घाटातले बोगदे त्यांना नक्की आवडतील. रबरी तळव्याचे बूट घाला, चपला नकोत.