शेवभाजीचा रस्सा माहेरसारखा होत नाही, रविवारच्या आत मदत हवी आहे

नमस्कार. माहेर चाळीसगाव, लग्नानंतर अकरा वर्षं इंदूरला, रामबागेत. येत्या रविवारी मामा-मामी येतायत आणि मामांनी फोनवरच सांगून ठेवलंय, "शेवभाजी कर, दुसरं काही नको." मला नेमकी तीच जमत नाही.

करते ते असं: दोन कांदे सालासकट गॅसवर काळे होईतो भाजायचे. अर्धी वाटी सुकं खोबरं, लसूण, आलं, कोथिंबीर घालून बारीक वाटण. ते तेलावर पाच मिनिटं परतून लाल तिखट आणि आईने पाठवलेला काळा मसाला. मग नळाचं पाणी, उकळी, शेव. तवंग येतच नाही. जेवायला बसेपर्यंत पातेल्यात पिठलं झालेलं असतं, आणि मागून लवंगेची चव येते. शेव रतलामी वापरते, इथे तीच सगळीकडे मिळते. आईला विचारलं तर ती म्हणते, "रंग बघून घाल." पण रंगच येत नाही, बघू काय?

आणखी एक. सासूबाई म्हणतात, शेव माळव्याची, तेव्हा भाजीही इथलीच. त्या टोमॅटो घालून करतात, छान होते, पण ती वेगळी लागते. मूळ कुठलं?

प्रतिसाद:
ताई, वाटण बरोबर आहे. ते मंद आचेवर पंधरा मिनिटं परता, कडेने तेल सुटेपर्यंत. तेलाला हात आखडता घेऊ नका. तिखटाचा रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही, म्हणून तिखट-मसाला सुटलेल्या तेलावर घाला, आच बारीक करून, नाहीतर करपेल. पाणी कढतच ओता. मग झाकण न ठेवता दहा मिनिटं उकळू द्या, तवंग आपोआप वर येतो.
शेवेचं म्हणाल तर रतलामीत लवंग असतेच, ती काळ्या मसाल्यावर मात करते. शिवाय बारीक शेव रस्सा पिते आणि विरघळते. घरीच करा: दोन वाट्या बेसन, तिखट, ओवा, मीठ, दोन चमचे कडकडीत मोहन; सोऱ्याला जाड भोकांची चकती लावून मध्यम आचेवर कडक तळा. पातेल्यात शेव घालूच नका. वाटीत शेव, वर उकळता रस्सा. शेवेत मीठ असतं, रश्शात बेतानं घाला.

प्रतिसाद:
मूळाबद्दल. शेव माळव्यात गाजली हे खरं, रतलामी शेवेला भौगोलिक मानांकनही मिळालंय. पण या भाजीचा जीव रश्शात आहे, आणि भाजलेला कांदा, सुकं खोबरं, काळा मसाला ही खान्देशची चाल. मी तरी ती खान्देशीच म्हणेन. सासूबाईंची टोमॅटोवाली भाजी गुजरातच्या 'सेव-टमेटा'च्या जवळची. एक मात्र त्यांना जरूर सांगा: फारुकी सुलतानांच्या खान्देशची राजधानी बुऱ्हाणपूर होती, जे आज मध्य प्रदेशात आहे. १६०१ मध्ये असीरगड पडला आणि खान्देश अकबराकडे गेला. तेव्हा खान्देश म्हणजे फक्त जळगाव-धुळे नव्हे. तिखटजाळ रस्साही फार प्राचीन नसणार. मिरची अमेरिकेची, ती पोर्तुगीजांनी आणली, म्हणजे १४९८ नंतरच.

धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार. काल रात्री करून पाहिली. पंधरा मिनिटं परतताना हात भरून आला, पण तेल सुटलं, आणि कढत पाणी ओतल्यावर थोड्या वेळाने लालभडक तवंग वर आला. अकरा वर्षांत पहिल्यांदा. शेवेची पहिली खेप मऊ पडली, आच कमी होती. दुसरी कडक झाली. सासूबाईंनी दोनदा रस्सा मागून घेतला. बुऱ्हाणपूरचं ऐकून म्हणाल्या, "मग ती इथलीच की!"
आता एकच राहिलं: आठ माणसांना वाटण किती धरू? आणि शनिवारी रात्री करून ठेवलं तर चालेल का?